रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली तर: शुश्रूषेविषयी सविस्तर चर्चा

सोनचाफा

वृद्ध रुग्ण रात्रीतून असंबद्ध बोलू लागला, घरच्यांना ओळखेनासा झाला किंवा नेहमीसारखा न बोलता दिवसभर गुंगीत पडून राहू लागला, तर घरात बहुधा एकच वाक्य ऐकू येते: 'आता वयच झालं.' सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात परिचारिका म्हणून काम करताना आणि पुढे नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवताना हे वाक्य मी इतक्या नातेवाइकांकडून ऐकले, की या विषयावर नीट लिहावे असे फार दिवस मनात होते. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उद्भवलेल्या भ्रमाला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. आपल्याकडची जुनी माणसे 'वात झाला' म्हणतात. वय वाढले की त्याचा धोका वाढतो हे खरे, पण नुसत्या वयाने तो होत नाही. शरीरात कुठेतरी काहीतरी बिघडलेले असते आणि पुष्कळदा तो बिघाड मेंदूच्या बाहेरच असतो.

स्मृतिभ्रंश महिन्यांच्या आणि वर्षांच्या कलाने वाढत जातो. डेलिरियम अचानक येतो आणि एकाच दिवसात कमीजास्त होत राहतो. सकाळी नातवाशी नीट बोलणारे आजोबा संध्याकाळी भिंतीवर मुंग्या चालताना दिसतात असे सांगतात, रात्री सलाईनची नळी उपसून काढतात आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या राउंडच्या वेळी पुन्हा शांतपणे नाव-गाव सांगतात. त्यामुळे राउंडच्या पाच मिनिटांत हा आजार सहज निसटतो. तो पकडता येतो तो आठ तास खाटेजवळ वावरणाऱ्या परिचारिकेला आणि रुग्णाचा स्वभाव वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या घरच्या माणसाला. 'कालपर्यंत आई अशी नव्हती' हे मुलीचे वाक्य रक्ताच्या रिपोर्टाइतकेच मोलाचे असते आणि ते केसपेपरवर त्याच शब्दांत, वेळ घालून लिहिले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

विस्मरणापेक्षा लक्ष टिकत नसणे ही या आजाराची मुख्य खूण होय. रुग्णाला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगावे: शनिवार, शुक्रवार, गुरुवार. निरक्षर आजीलाही हे जमते, म्हणून वर्ष किंवा पंतप्रधान विचारण्यापेक्षा ही परीक्षा मला अधिक न्याय्य वाटते. एरवी वार पाठ असलेला माणूस दोन वारांनंतर थांबून भलतेच काही बोलू लागला, किंवा प्रश्नच विसरून पंख्याकडे पाहत बसला, तर ती गोष्ट त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालावी.

आरडाओरडा करणारा रुग्ण सगळ्यांच्या लक्षात येतो. गप्प होणारा रुग्ण मात्र राहून जातो; तो त्रास देत नाही, जेवणाला नको म्हणतो, हाक मारली तर डोळे उघडतो आणि पुन्हा मिटतो. वॉर्डात त्याला 'शांत पेशंट' म्हटले जाते आणि घरी 'आराम करतोय' म्हटले जाते. डेलिरियमचा हा सुस्त प्रकार वृद्धांमध्ये बराच आढळतो आणि उशिरा ओळखला गेल्यामुळे अधिक घातक ठरतो.

कारणे शोधताना आधी साध्या गोष्टींकडे पाहावे. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग झालेला असतो आणि वृद्धांमध्ये तो कित्येकदा ताप न येताच होतो. लघवी तुंबलेली असते, चार-पाच दिवस शौचाला झालेली नसते, पाणी कमी पडलेले असते, कुठेतरी वेदना असते आणि ती सांगता येत नाही. रक्तातली साखर उतरलेली असते किंवा सोडियम कमी झालेले असते. नव्याने सुरू झालेले औषधही कारण असू शकते. झोपेच्या गोळ्या, खाज-सर्दीवरची ॲव्हिलसारखी औषधे, कंपवातावरची पॅसिटेन आणि तीव्र वेदनाशामके यांचा यात वरचेवर हात असतो. आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात किरकोळ पडल्यावर डोक्यात सावकाश साचत गेलेले रक्त हेही एक कारण आहे, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. पडल्याची आठवण घरच्यांना असते, पण विचारल्याशिवाय ती कोणी सांगत नाही.

निशिगंध

ताई, लेखाबद्दल मनापासून आभार. माझ्या सासूबाईंचे खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झाले आणि तिसऱ्या रात्री त्या 'मला माहेरी सोडा' म्हणत खाटेवरून उतरू लागल्या. रात्रपाळीला संपूर्ण वॉर्डात एकच सिस्टर होत्या, त्यामुळे सासूबाईंचे दोन्ही हात पट्टीने खाटेला बांधण्यात आले. त्या रात्रभर ओरडत होत्या आणि सकाळी मनगटे काळीनिळी झाली होती. सिस्टरांना मी दोष देत नाही, कारण एवढे रुग्ण त्या एकट्या सांभाळत होत्या. परंतु बांधण्यावाचून दुसरा मार्ग खरोखर नसतो का?

सोनचाफा

निशिगंध, बहुतेक वेळा असतो, पण त्याला माणूस लागतो. बांधल्याने रुग्णाची भीती वाढते, भीतीने धडपड वाढते, धडपडीत इजा होते आणि हालचाल थांबल्याने भ्रम आणखी लांबतो. खाटेचे कठडे वर केले म्हणजे रुग्ण सुरक्षित झाला, ही समजूतही खरी नाही. भ्रमातला माणूस कठड्यावरून उतरू पाहतो आणि अधिक उंचीवरून पडतो. खाट सर्वांत खालच्या पातळीवर आणावी, एक बाजू भिंतीला लावावी आणि ओळखीचे माणूस जवळ बसवावे.

त्याआधी एक प्रश्न विचारावा: रुग्ण नेमके काय उपसू पाहतो आहे आणि ती वस्तू त्याला अजून लागते आहे का? ऑपरेशनच्या वेळी घातलेली लघवीची नळी गरज संपल्यावरही दिवसेंदिवस तशीच राहते. ती संसर्गाला वाट देते आणि 'लघवीला जायचंय' अशी भावना सतत जागी ठेवते. ती काढली की अनेक रुग्ण त्याच दिवशी निवळतात. सलाईन खरोखर हवे असेल तर हातावर बँडेजची घडी गुंडाळून वर सदऱ्याची लांब बाही ओढावी. नळी नजरेआड झाली की हात तिच्याकडे वळत नाही.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या शेरॉन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मी विद्यार्थिनींना नेहमी सांगत असे. सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांमध्ये त्यांनी औषधाऐवजी शुश्रूषेवर भर दिला: वेळ-स्थळाची आठवण करून देणे, रात्री झोप मोडू न देणे, लवकर चालवणे, चष्मा आणि श्रवणयंत्र लावणे, पाणी पाजणे. नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी १५ टक्के रुग्णांना डेलिरियम झाला, तर ही शुश्रूषा मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ९.९ टक्के होते. यातली एकही गोष्ट महाग नाही. आपल्याकडे मात्र रुग्ण दाखल होताच चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र 'हरवू नये म्हणून' पिशवीत बांधून घरी पाठवले जाते. दिसत नाही, ऐकू येत नाही आणि अनोळखी माणसे अंगाला हात लावत आहेत, अशा स्थितीत निरोगी माणूसही बिथरेल.

दूरदेशी

मी मूळची सांगलीची असून सध्या इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. इथे प्रत्येक रुग्णाची नाडी, श्वास, रक्तदाब, तापमान, ऑक्सिजन आणि शुद्धी यांना गुण देऊन एक बेरीज करतात. २०१७ साली या पद्धतीत एक महत्त्वाचा बदल झाला. त्याआधी रुग्ण जागा आहे, हाकेला प्रतिसाद देतो, वेदनेला देतो की कशालाच देत नाही, एवढेच पाहत असत. आता 'नव्याने आलेला भ्रम' ही स्वतंत्र नोंद असते आणि तिला एकटीला ३ गुण मिळतात. नाडी-रक्तदाब उत्तम असले, तरी तेवढ्यावरून डॉक्टरांना तातडीने बोलवावे लागते. भारतात अशी बेरीज करण्याची सोय नसली, तरी तत्त्व पाळता येईल: जागा आहे पण गोंधळलेला आहे, या रुग्णाला 'ठीक' समजू नये.

येथे वृद्धाश्रमांमध्ये असलेल्या भारतीय रुग्णांविषयी एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. गोंधळाच्या अवस्थेत अनेक जण नंतर शिकलेली भाषा सोडून मातृभाषेत बोलू लागतात. मराठी बोलणाऱ्या आजींना इंग्रजीत 'तुम्ही कुठे आहात' असे विचारून 'उत्तर देत नाहीत' अशी नोंद होत असेल, तर ती नोंद चुकीची आहे. घरच्यांनी निदान फोनवरून तरी त्यांच्याशी बोलून पाहावे आणि काय आढळले ते परिचारिकेला सांगावे.

आयसीयू_ब्रदर

आतापर्यंतची चर्चा भ्रमाविषयी झाली. शुद्धीची पातळी खाली जाऊ लागते तेव्हा काय पाहायचे, याविषयी थोडे लिहितो, कारण नातेवाईक 'जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्धी मोजण्याचे गुण) किती आहे' एवढाच आकडा विचारतात आणि फाइलमध्येही पुष्कळदा तेवढाच लिहिलेला असतो.

ही मोजणी ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली मांडली. डोळे उघडण्याला ४ पर्यंत, बोलण्याला ५ पर्यंत आणि हालचालीला ६ पर्यंत गुण असतात. किमान बेरीज ३ आणि कमाल १५. बेरीज ८ किंवा त्याहून कमी असेल, तर श्वासमार्ग सांभाळण्याची शक्ती रुग्णात उरलेली नाही असे धरून चालावे लागते. परंतु नुसती बेरीज फसवी असते. डोळे उघडत नाही पण सांगितले ते करतो, आणि डोळे उघडे आहेत पण हात ताठ होऊन बाहेरच्या बाजूला वळतात, हे दोन रुग्ण बेरजेत जवळपास आले तरी त्यांच्या आजारांची जात वेगळी असते. म्हणून तिन्ही आकडे सुटे लिहावेत. त्यातही हालचालीचा गुण सर्वांत जास्त बोलका असतो. 'हात दाब' म्हटल्यावर बोटे मिटणे पुरेसे नाही, कारण तळहातात बोट ठेवले की मूठ आपोआपही मिटते. 'सोड' म्हटल्यावर मूठ सुटते का, ते पाहावे.

वेदनेची परीक्षा घेताना छातीच्या हाडावर मुठीने घासण्याची सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. वारंवार घासल्याने तिथे कातडी सोलवटते आणि रक्त साकळते. मान आणि खांदा यांमधला स्नायू चिमटीत धरून दाबावा आणि दाब हळूहळू वाढवावा.

डोक्याला मार लागलेला रुग्ण पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत दर अर्ध्या तासाला तपासावा लागतो. रुग्ण झोपला आहे म्हणून उठवायचे नाही, ही दया अशा वेळी जिवावर बेतू शकते. एका डोळ्याची बाहुली दुसऱ्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा मोठी झाली, प्रकाशाने आकसेनाशी झाली, किंवा रक्तदाब चढत असताना नाडी मंदावत चालली आणि श्वास अनियमित झाला, तर कवटीतला दाब धोक्याच्या पातळीला पोहोचला आहे असे समजावे. अशा वेळी नोंद पूर्ण करण्यासाठीसुद्धा थांबू नये, आधी डॉक्टरांना बोलवावे.

वऱ्हाडी

आमच्याकडे विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत उन्हात काम करणारा माणूस बरळू लागला किंवा कोसळला की लोक तोंडात कांद्याचा रस घालतात, चप्पल हुंगवतात, दातखीळ उघडायला चमचा घालतात. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर जाऊन शुद्धी बिघडली, तर तो उष्माघात असतो आणि त्यात प्रत्येक मिनिटाला किंमत असते. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून जोरात वारा घालावा, काखेत, जांघेत आणि मानेला बर्फ लावावा आणि १०८ ला फोन करावा. थंड करणे इथूनच सुरू झाले पाहिजे, ते रुग्णालयासाठी राखून ठेवू नये. तापाची गोळी या उष्णतेवर चालत नाही.

तोंडात काहीही घालू नये, ही गोष्ट मी गावोगावी सांगत असतो. मधुमेही माणूस बेशुद्ध पडला की साखरेचे पाणी पाजण्याची घाई होते. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर साखर जरूर द्यावी. बेशुद्ध असेल तर तेच पाणी फुप्फुसात जाते. त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे जीभ मागे पडत नाही आणि लाळ बाहेर वाहून जाते. ग्लुकोमीटर असेल तर साखर पाहावी. ७० च्या खाली असेल तर शिरेतून ग्लुकोज देण्यासाठी ताबडतोब न्यावे. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांचा परिणाम एक दिवसाहूनही अधिक टिकतो, म्हणून ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आला की लगेच घरी आणू नये.

सोनचाफा

वऱ्हाडी यांच्याशी पूर्ण सहमत आहे. याला जोडूनच एका कारणाचा उल्लेख करते, कारण लाजेमुळे ते लपवले जाते. अपघात किंवा ऑपरेशनसाठी दाखल झालेला मध्यमवयीन पुरुष दुसऱ्या ते चौथ्या दिवशी थरथरू लागतो, घामाने भिजतो, त्याला किडे दिसू लागतात. रोजची दारू अचानक बंद झाल्यामुळे हे घडते आणि त्यात मृत्यूही येऊ शकतो. दाखल करतानाच पत्नीने किंवा भावाने रोज किती आणि शेवटची कधी घेतली, हे परिचारिकेला बाजूला घेऊन सांगावे. माहिती असेल तर औषध आधीपासून देता येते, आणि ग्लुकोज चढवण्याआधी थायमिनचे (ब१ जीवनसत्त्वाचे) इंजेक्शन देण्याची काळजीही घेता येते.

रानवारा

माझे वडील पक्षाघातानंतर अर्धवट शुद्धीत घरी आहेत. नाकातून नळी आहे, ब्यूरोची मावशी दिवसा येते आणि रात्री मी व आई आळीपाळीने पाहतो. एअर बेड घेतला आहे, म्हणून कूस बदलण्याची गरज नाही, असे दुकानदाराने सांगितले. हे बरोबर आहे का?

आयसीयू_ब्रदर

बरोबर नाही. एअर बेडने दाब कमी होतो, पण संपत नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावीच. पूर्ण आडवे कुशीवर करण्याऐवजी पाठीमागे उशी लावून थोडे तिरके ठेवावे, म्हणजे कमरेच्या हाडावर किंवा माकडहाडावर भार येत नाही. पिंढरीखाली उशी अशी ठेवावी की टाच अधांतरी राहील. कुठे लाली दिसली तर बोटाने दाबून पाहावी. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्तपुरवठा चालू आहे, लालच राहिली तर जखमेची सुरुवात झाली आहे. त्या जागी तेल लावून चोळू नये, आतली नाजूक ऊती आणखी फाटते.

नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली असावी आणि नंतरही निदान अर्धा ते एक तास तशीच ठेवावी. घरी नेहमी दिसणारी गोष्ट अशी, की मावशी पेज देते आणि लगेच डायपर बदलण्यासाठी रुग्णाला सपाट झोपवते. डायपर आधी बदलावा, अन्न मग द्यावे. नाकपुडीशी नळीवर पेनाने खूण करून ठेवावी; खूण पुढे सरकलेली दिसली, खोकला आला किंवा आवाज घरघरू लागला, तर काहीही न देता सिस्टरांना बोलवून नळीची जागा तपासून घ्यावी. गोळ्या कुटून देण्याआधी विचारावे, कारण शरीरात सावकाश विरघळण्यासाठी बनवलेल्या गोळ्या कुटल्या तर सगळे औषध एकदम उतरते.

सोनचाफा

रानवारा, दोन गोष्टी मी जोडते. नळीने जेवणाऱ्या रुग्णाचे तोंड कोणी धूत नाही, कारण तो तोंडाने खात नाही. तोंडाने श्वास घेऊन जिभेवर आणि टाळ्यावर वाळलेला थर चढतो, त्यात जंतू वाढतात आणि तेच छातीत उतरतात. कुशीवर वळवून, गालाखाली टॉवेल ठेवून, लहान मुलांच्या मऊ ब्रशने दात आणि ओलसर पिळलेल्या कापडाने जीभ पुसावी. तोंडात पाणी ओतू नये. डोळे नीट मिटत नसतील तर बुबुळ कोरडे पडून जखम होते. उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाकाकडून कानाकडे एकदाच पुसावे, प्रत्येक डोळ्याला नवा बोळा घ्यावा आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब वेळेवर घालावेत.

आणि वडिलांशी बोलत राहा. स्पर्श करण्याआधी नाव घेऊन सांगावे: 'बाबा, आता कूस बदलते.' प्रतिसाद दिसत नाही म्हणजे ऐकू येत नाही, असे मानण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांच्या खाटेजवळ उभे राहून खर्चाची किंवा 'आता काही खरं नाही' अशी चर्चा कोणालाही करू देऊ नका.

निशिगंध

सासूबाईंचे सोडियम १२१ निघाले. रक्तदाबासाठी चालू असलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळीमुळे ते उतरले, असे डॉक्टरांनी सांगितले. गोळी बंद केली, सोडियम हळूहळू भरून काढले आणि लघवीची नळीही काढली. आता त्या घरी आहेत. दिवसा आम्हाला ओळखतात, पण संध्याकाळी दिवे लावायच्या सुमारास अजून गोंधळतात. हे किती दिवस चालेल? आहारात मीठ वाढवू का?

सोनचाफा

मीठ आपल्या मनाने वाढवू नका. सोडियम फार वेगाने वाढले तरी मेंदूला इजा होते, म्हणूनच रुग्णालयात ते हळूहळू भरून काढले. कारण दूर झाल्यावरही भ्रम पूर्ण निवळायला काही आठवडे लागू शकतात, कधी महिनेही लागतात, आणि काहींच्या स्मरणशक्तीवर त्याची खूण राहते. तेव्हा दोन-तीन महिन्यांनी स्मृतीची तपासणी करून घ्या. तोपर्यंत संध्याकाळी अंधार पडण्याआधी दिवे लावा, चष्मा डोळ्यांवर असू द्या, दिवसा वॉकरने चालवा आणि दुपारची झोप थोडकीच ठेवा. त्या माहेरी जायचे म्हणाल्या तर वाद घालू नका, खोटे वचनही देऊ नका. माहेरच्या माणसांविषयी विचारा, त्या बोलत राहतील आणि शांत होतील. झोपेची गोळी कोणीही सुचवली तरी देऊ नका.

एका वहीत रोजची झोप, पाणी, शौच, लघवी आणि गोंधळाची वेळ लिहा. गुंगी पुन्हा वाढली, जेवण सुटले, ताप आला किंवा झटका आला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी घेऊन जा. बंद केलेल्या गोळीचे नाव वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा, कारण घरातली जुनी पाकिटे आणि औषधाच्या दुकानातली जुनी चिठ्ठी यांमुळे तीच गोळी पुन्हा सुरू झाल्याचे मी पाहिले आहे.